लिनक्स फायरवॉल राउटर: नियमांना हात लावण्याआधी या चुका टाळा

जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) टाकून, किंवा चार पोर्टांच्या मिनी पीसीवर डेबियन (सर्वसाधारण लिनक्स) चढवून घरचा अथवा छोट्या ऑफिसचा फायरवॉल राउटर तयार करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. डोकं खातं ते नंतरचं. नेट चालत नाही, किंवा अर्धवट चालतं, आणि माणूस सर्वात आधी फायरवॉलचे नियम उसवायला बसतो. एक उघडतो, दुसरा बंद करतो, शेवटी वैतागून सगळंच ‘अ‍ॅक्सेप्ट’ करून टाकतो. त्यानंतर योगायोगाने नेट सुरू झालं तर ती सर्वात वाईट गोष्ट, कारण मग ते तसंच राहतं.

बहुतेक वेळा दोष नियमांत नसतोच. म्हणून आधी पॅकेट, म्हणजे माहितीचा पाठवलेला तुकडा, कुठे अडतंय ते शोधा. राउटरमध्ये एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरा आणि तिथूनच ८.८.८.८ ला पिंग करा. जात नसेल तर अडचण राउटर आणि केबलवाल्याच्या मध्ये आहे. पिंग जातंय पण एखाद्या साइटच्या नावाने जात नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघा. राउटरवरून दोन्ही नीट चालतं आणि लॅपटॉपवरून चालत नाही, तेव्हा कुठे झोन (इंटरफेसचे गट), फॉरवर्डिंग (एका बाजूचं पॅकेट दुसरीकडे पाठवणं) आणि नियमांची पाळी येते. या क्रमाने गेलात तर निम्मी धडपड वाचते.

फ्लॅश करण्याआधी (राउटरमध्ये नवी प्रणाली भरण्याआधी) लेबल न वाचणं

एकाच नावाच्या राउटरच्या व्ही१, व्ही२, व्ही५ अशा आवृत्त्या असतात आणि आत चिप वेगळी असू शकते. खोक्यावर विसंबू नका, राउटर उलटा करून लेबल वाचा. कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून येताना ‘फॅक्टरी’ इमेज लागते. आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘सिसअपग्रेड’. डाउनलोड झाल्यावर फाइल अस्सल आहे ना हे पाहायला एसएचए२५६ बेरीज जुळवून पाहा, फ्लॅशिंग केबल लावूनच करा, वायफायवरून नको. कपाटात पडलेला ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा जुना राउटर वापरायचा मोह होतो, पण १९.०७ या मालिकेनंतर त्यांच्यासाठी अधिकृत बिल्ड निघत नाहीत. ज्या पेटीला सुरक्षा सुधारणाच मिळणार नाहीत, तिला फायरवॉल म्हणून दारात उभं करू नये.

दोन्हीकडे १९२.१६८.१.१

ही चूक इतकी नेहमीची आहे की सर्वात आधी हीच तपासावी. ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.१ असतो. केबलवाल्याने बसवलेला फायबरचा ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो डबा) राउटर मोडमध्ये असेल तर त्याचाही पत्ता अनेकदा तोच. आपल्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टला ओएनटीकडून १९२.१६८.१.५ सारखा पत्ता मिळतो, लॅनही त्याच नेटवर्कात, आणि पॅकेट कोणत्या बाजूला पाठवायचं हे राउटरला ठरवता येत नाही. आपल्या लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा, काम झालं. त्याहून चांगलं म्हणजे केबलवाल्याला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम न करता पॅकेट नुसतं पुढे देईल. मग पीपीपीओईचं (केबलवाल्याकडे लॉगिन करून नेट घेण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावं लागेल. काही ठिकाणी व्हीलॅन नंबरही (एकाच तारेवरच्या वेगळ्या नेटवर्काचा क्रमांक) लागतो, तो त्याच फोनवर विचारून घ्या. बरेच स्थानिक केबलवाले मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) बांधून ठेवतात, त्यामुळे नवा राउटर लावला की काहीच होत नाही. अशा वेळी जुन्या राउटरचा मॅक वॅन इंटरफेसवर लिहा किंवा त्यांच्याकडून बंधन काढून घ्या.

नवा इंटरफेस कोणत्याच झोनमध्ये नसणं

पीपीपीओईसाठी वेगळ्या नावाने नवा इंटरफेस बनवला, जोडणी लागली, राउटरवरून पिंग मस्त जातंय. घरातल्या एकाही फोनवर मात्र नेट नाही. ल्युसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग पानांत) त्या इंटरफेसच्या फायरवॉल टॅबवर जाऊन पाहा: झोनच्या जागी काहीच निवडलेलं नसेल. लॅनमधून फक्त ‘वॅन’ झोनकडे जायची परवानगी आहे आणि तुमचा इंटरफेस त्या झोनमध्ये नाही. मास्करेडिंगही (घरातल्या सगळ्यांना राउटरच्या एकाच पत्त्याने बाहेर पाठवणं) झोनवरच लागतं. तो वॅन झोनमध्ये टाकला की एकही नियम न बदलता सगळं चालू होतं.

काही साइट उघडतात, काही लटकतात

या तक्रारीवर लोक दिवसच्या दिवस घालवतात, म्हणून थोडं सविस्तर. पिंग व्यवस्थित, सर्च चालतं, पण बँकेचं किंवा एखादं सरकारी पोर्टल नुसतं फिरत राहतं. मोठी अटॅचमेंट जात नाही. मोबाइल डेटावर तेच पोर्टल चटकन उघडतं, म्हणून संशय सरळ फायरवॉलवर जातो.

इथे बहुधा पॅकेटच्या आकाराचं दुखणं असतं. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची जागा. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. तुमच्या लॅपटॉपला हे ठाऊक नसतं. तो समोरच्या सर्व्हरला सांगतो की मी एका वेळी १४६० बाइटचा मजकूर घेईन. सर्व्हर तेवढा भरून, वर ४० बाइटचे हेडर लावून पूर्ण १५०० चं पॅकेट पाठवतो आणि ‘तुकडे करू नका’ असंही त्यावर लिहितो. १४९२ च्या वाटेत ते मावत नाही. वाटेतला राउटर सर्व्हरला आयसीएमपीने (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणाऱ्या निरोपांनी) कळवतो की आकार कमी कर. पण कुठल्या तरी अतिसावध अ‍ॅडमिनने आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असेल तर तो निरोप पोहोचतच नाही. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि तुमच्याकडे पान फिरत राहतं.

खात्री करून घेणं सोपं आहे. ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ पर्याय लावून १४६४ बाइटचं पिंग करा. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की बरोबर १४९२ होतात, म्हणून ते गेलं पाहिजे. १४६५ चं अडलं पाहिजे. १४६४ देखील अडलं तर वाट आणखी अरुंद आहे; आकडा कमी करत जा, जिथे पिंग जाईल त्यात २८ मिळवा आणि तोच एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वॅन इंटरफेसला द्या.

उपाय म्हणजे एमएसएस क्लॅम्पिंग. जोडणी सुरू होतानाच राउटर त्या १४६० चे १४५२ करून टाकतो, त्यामुळे सर्व्हर मुळातच लहान पॅकेट पाठवतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या वॅन झोनवर ही खूण मुळात केलेली असते. स्वतः वेगळा झोन बनवला असेल किंवा साध्या डेबियनवर एनएफटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम हाताने लिहिले असतील तर ती राहून जाते. फॉरवर्ड चेनमध्ये (पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत) एका ओळीचा नियम, बस. आणि आयसीएमपी सरसकट बंद करून घर सुरक्षित होतं हा समज सोडून द्या. तो निरोप्या आहे, त्याला अडवलंत तर इतरांचं नेट असंच अडतं.

इनपुट आणि फॉरवर्ड यांची गल्लत

सोसायटीच्या वॉचमनकडे दोन प्रकारची माणसं येतात: काही त्याच्या केबिनमध्ये कामाला, आणि बाकीची गेटमधून वरच्या फ्लॅटकडे जाणारी. राउटरवर पहिल्यांसाठी ‘इनपुट’, दुसऱ्यांसाठी ‘फॉरवर्ड’. घरातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (चित्रण साठवणाऱ्या पेटीसाठी) वॅन झोनचा इनपुट ‘अ‍ॅक्सेप्ट’ केला तर डीव्हीआर दिसत नाहीच, उलट राउटरचं लॉगिन पान आणि एसएसएच सगळ्या जगाला उघडं पडतं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं ग्रासली होती, त्यात बहुतेक घरगुती आणि छोट्या ऑफिसचे राउटरच होते. वॅनचा इनपुट कधीही, चाचणीपुरताही, उघडू नका. ओपनडब्ल्यूआरटी नवं असताना रूटला पासवर्डच नसतो हेही लक्षात ठेवा. केबल लावण्याआधी तो घाला.

पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) नीट करूनही बाहेरून जोडणी येत नसेल तर वॅनचा पत्ता वाचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर केबलवाल्याने तुम्हाला सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेमागे ठेवलं आहे. हा पट्टा २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरपर्यंत पॅकेट येतच नाही, मग नियम कितीही बदलले तरी काय उपयोग? पब्लिक आयपी विकत घ्या, किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा (व्हीपीएन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बोगदा न्या. आणि ही चाचणी घरच्या वायफायवरून न करता मोबाइल डेटावरून करा. आतून बाहेरच्या पत्त्यावर जाणं हा वेगळाच मामला आहे.

खरंच पॅकेट येतंय का हे पाहायला टीसीपीडम्प ही येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारी आज्ञा हवी. वॅन इंटरफेसवर ती चालू ठेवा, बाहेरून जोडणी करून बघा. वॅनवर ओळ उमटली नाही तर दोष बाहेर. वॅनवर उमटली आणि लॅनवर नाही, तर दोष तुमच्या नियमात. लॅनवरही उमटली पण उत्तर येत नाही, तर त्या डीव्हीआरचा गेटवे (बाहेर जाण्यासाठी तो ज्या राउटरकडे पाठवतो तो पत्ता) तपासा. तो बहुतेक जुन्या राउटरच्या पत्त्यावर असेल.

आयपीव्ही६ विसरणं

हाताने लिहिलेल्या जुन्या आयपीटेबल्सच्या (एनएफटेबल्सच्या आधीच्या फायरवॉल आज्ञांच्या) नियमांत हा धोका खरा आहे. आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) चं दार भक्कम बंद, आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) साठी एकही ओळ नाही. आयपीव्ही६ मध्ये नॅट (अनेक उपकरणांनी एकच बाहेरचा पत्ता वापरणं) नसतं, घरातल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरून दिसणारा पत्ता मिळतो, त्यामुळे प्रिंटरपासून टीव्हीपर्यंत सगळं उघडं. एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ प्रकारचं टेबल केलं की दोन्हींवर एकच नियम लागतो. आता काळजी म्हणून आयसीएमपीव्ही६ सगळंच अडवू नका. शेजारची उपकरणं शोधण्यापासून पॅकेटचा आकार कळवण्यापर्यंत आयपीव्ही६ त्याच्यावरच उभं आहे.

नियम घातला तरी जोडणी चालूच

मुलाच्या टॅबसाठी रात्री नऊनंतर बंदीचा नियम लावला, आणि व्हिडिओ तसाच चालू. नियम चुकलेला नाही. कॉनट्रॅक हा लिनक्सचा भाग आधीपासून जुळलेल्या जोडण्या लक्षात ठेवतो आणि त्यांना वरच्या वरच सोडतो. तुमचा नियम फक्त नव्या जोडण्यांना लागतो. कॉनट्रॅकची नोंद पुसा किंवा राउटर रीस्टार्ट करा. लॉगमध्ये ‘एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल’ दिसू लागलं तर आधी टॉरेंट किंवा एखादं बाधित उपकरण शोधा, मर्यादा वाढवणं नंतर.

वेगाच्या मागे लागून

व्हिडिओ कॉल अडखळू नये म्हणून एसक्यूएम (पॅकेटांच्या रांगेचं नियोजन) लावतात, ते उत्तम. केक हा त्याचा शेड्युलर (कोणतं पॅकेट आधी पाठवायचं ते ठरवणारा) ४.१९ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (मूळ गाभ्यात) आहे. मर्यादा मात्र मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवा, नाहीतर रांग केबलवाल्याच्या उपकरणात लागते आणि तुमच्या हातात काही उरत नाही. त्याच वेळी हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंगही (पॅकेट पाठवायचं काम थेट चिपवर सोपवणं) चालू ठेवलं तर पॅकेट एसक्यूएमला बगल देऊन जातात. दोन्हींतलं एकच.

दुसरा मोह म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीत सगळी पॅकेजेस एका झटक्यात अपग्रेड करणं. मूळ पॅकेजेस दाबून बसवलेल्या भागात असतात, नव्या प्रती वेगळी जागा खातात, फ्लॅश भरते आणि राउटर सुरूच होत नाही. पूर्ण नवी इमेज टाका.

साध्या डेबियनवर: रीबूटनंतर सगळं गायब

फॉरवर्डिंग चालू केलं, नियम लिहिले, छान चाललं. लाईट गेली, आली, आणि नेट नाही. फॉरवर्डिंगची सेटिंग सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहिली नसेल तर ती रीबूटबरोबर जाते. एनएफटेबल्सची सेवाही आपण ‘एनेबल’ केल्याशिवाय बूटला उठत नाही. जुन्या आयपीटेबल्सच्या आज्ञा आणि नवे एनएफटेबल्स एकाच मशीनवर मिसळू नका. डेबियन १० पासून मुळात एनएफटेबल्सच आहे. त्याच पेटीवर डॉकर (इतर प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर तो स्वतःचे नियम घुसवतो आणि फॉरवर्ड चेन ‘ड्रॉप’ करून ठेवू शकतो. फायरवॉलच्या पेटीवर डॉकर ठेवूच नये, असं मला वाटतं.

लाईट जाऊन आल्यावर वायरगार्ड रुसत असेल तर राउटरचं घड्याळ पाहा. बहुतेक छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, वेळ मागे पडते. वायरगार्डचं समोरचं टोक जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करायचा निरोप) नाकारतं. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेने) वेळ आली की सुटतं. एनटीपी सर्व्हर त्या बोगद्याच्या पलीकडे ठेवला असेल तर कधीच सुटत नाही.

स्वतःलाच बाहेर ठेवणं

ल्युसीतून बदल केला आणि ब्राउझरला राउटर पुन्हा सापडला नाही तर ती थोड्या वेळाने जुनी सेटिंग परत आणते. एसएसएचवरून केलेल्या बदलाला असा आधार नाही. म्हणून एसएसएचवरून नियम बदलताना पाच मिनिटांनी जुनी फाइल परत लावणारी आज्ञा आधी मागे सोडून द्या. बदल ठीक निघाला की ती रद्द करा. तरीही अडकलात तर ओपनडब्ल्यूआरटीत फेलसेफ (अडचणीतली किमान सुरुवात) आहे: सुरू होताना दिवा लुकलुकायला लागला की बटण दाबा, आणि लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या. फेलसेफमध्ये डीएचसीपी (पत्ता आपोआप देणारी सेवा) नसतं, त्यामुळे पत्ता आपोआप मिळायची वाट पाहत बसून लोक राउटर मेला असं समजतात.

मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. तो बंद असला तर तुम्ही गावाला असताना ऑफिसचं नेट कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहतं. सगळं लागलं की सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि घरात सगळे असताना मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. पाच मिनिटांत कोणीही काहीही न दाबता नेट आलं नाही, तर काय राहून गेलं ते त्याच दिवशी शोधा.