अधिवेशनात शाळा-अंगणवाडीचा प्रश्न लावायचाय? मग आत्तापासून ही तयारी करा

बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं आणि आपल्याकडे सगळ्यांना जाग येते ती नोव्हेंबर संपताना. तेव्हा आमदारांच्या पीएच्या हातात कागद देऊन काही होत नाही, कारण प्रश्नाची नोटीस सचिवालयात आधी जावी लागते आणि खात्याला उत्तर तयार करायला वेळ द्यावा लागतो. म्हणून हे आत्ताच लिहितोय, एसडीएमसीवाले (शाळेच्या देखरेख समितीतले पालक), पंचायत मेंबर, पालक, ज्यांना कुणाला गावच्या शाळेचा नाहीतर अंगणवाडीचा विषय आमदारांकडून सरकारला विचारून घ्यायचाय त्यांच्यासाठी.

पहिलं हे, बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. शिक्षकांचा आकडा मागाल तर माध्यमनिहाय मागा. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकं तेवढंच राहिलं. तालुक्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती, असा प्रश्न गेला आणि उत्तरात तीन आकडे आले, मराठी कन्नड उर्दू सगळं एकत्र धरून. त्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळा दिसणार कुठे? दुसऱ्या माध्यमाची पदं भरली तरी तालुक्याचा आकडा सुधारतो, मराठी शाळेतला वर्ग मात्र शिक्षकाविना तसाच. उत्तरात चूक काहीच नव्हती त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही आणि एक अख्खं अधिवेशन गेलं, पोरांचं वर्ष गेलं. तेव्हा माध्यमनिहाय आणि शाळावार, दोन्ही शब्द प्रश्नात पाहिजेत.

आता माहिती गोळा करणं. शाळेचं नाव, पट, वर्ग किती हे तर घ्यालच, पण यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, न चुकता घ्या, अकरा आकडी असतो, ऑफिसात लिहिलेला असतो. एकाच आवारात कन्नड शाळा आणि मराठी शाळा असते, नावं जवळपास सारखीच, नंबर नसेल तर उत्तर भलत्याच शाळेचं येतं. मग कायमचे शिक्षक किती, अतिथी शिक्षक किती, डेप्युटेशनवर दुसरीकडे गेलेले किती हे तिन्ही वेगळं लिहा. हे फार महत्त्वाचं आहे कारण डेप्युटेशनवरचा माणूस कागदावर तुमच्याच शाळेत असतो आणि अतिथी शिक्षक मानधनावर असतो, त्या वर्षापुरताच, तो आला म्हणून पद भरलं असं होत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक डेप्युटेशनवर गेले आणि दुसऱ्यांना बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसची मीटिंग लागली की काय होतं ते एकदा जाऊन बघा, पाचवीतली मुलगी हातात पट्टी घेऊन पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेते, फळ्यावर तारीख कालची, आणि भात शिजवणाऱ्या बाई अधूनमधून दारात येऊन पोरं मोजून जातात. ही शाळा सरकारच्या यादीत दोन शिक्षकांची आहे.

कायदा एवढाच लक्षात ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक लागतात, 61 ते 90 ला तीन. म्हणजे "पट कमी आहे म्हणून एकच शिक्षक" हे उत्तर चालत नाही, आणि ते आलं तर आमदारांनी उपप्रश्न काय विचारायचा ते कागदावर लिहूनच द्या. शिवाय घटनेचं कलम 350 अ आहे, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी असं त्यात आहे, त्याचा आधार घ्या.

पण सीमाप्रश्न प्रश्नात आणू नका. कळकळीने सांगतोय. तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि कोर्टात असलेल्या विषयावरचा प्रश्न नाकारायला सचिवालयाला कारण आयतंच मिळतं. शिक्षक नाही हा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा आहे. मराठी शाळा माध्यमनिहाय मोजा म्हणणं म्हणजे सरकारचीच आकडेवारी नीट मागणं आहे, त्यात कुणाला राजकारण शोधू देऊ नका. आरोप, विशेषणं, "जाणूनबुजून दुर्लक्ष" वगैरे पण काढून टाका, प्रश्नात मत आलं की तो अडकतो.

खातं कुठलं ते ठरवा. शाळेतलं जेवण म्हणजे अक्षर दासोह, ते शालेय शिक्षण खात्याकडे. अंगणवाडीतला आहार महिला व बालकल्याणकडे. बस वायव्य कर्नाटक परिवहनची, म्हणजे परिवहन मंत्री. तिन्ही एका प्रश्नात कोंबलं तर एकाचंही धड उत्तर येत नाही. आणि जिल्हा म्हणताना भान ठेवा, महसूल जिल्हा बेळगाव एकच असला तरी शिक्षण खात्याचे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणी, अथणी, कागवाड चिक्कोडीत येतात. "बेळगाव शैक्षणिक जिल्हा" एवढंच लिहिलंत तर निपाणी भागातल्या मराठी शाळा यादीतच नाहीत. दोन्ही डीडीपीआरच्या, म्हणजे शैक्षणिक जिल्ह्याच्या उपसंचालकांच्या, हद्दी लिहा, आणि पुन्हा सांगतो, माध्यमनिहाय.

अंगणवाडीसाठी सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसातून केंद्रांची यादी मिळते पण तिच्यावर थांबू नका, स्वतः जा. इमारत स्वतःची की भाड्याची की देवळातली, पाणी, संडास, ताई आहे की शेजारच्या गावच्या ताईकडे चार्ज आहे. वजनकाटा चालतो का हे तर हटकून बघा. काटा बंद असेल तर वजन अंदाजाने लिहिलं जाणार, तेच पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चढणार, आणि कमी वजनाचं पोर नॉर्मलच्या रकान्यात जाऊन बसणार. मग "कुपोषित बालकं किती" हा प्रश्न विचारून उपयोग काय? त्याच्या आधी विचारा, चालू स्थितीतले वजनकाटे किती केंद्रांत आहेत, केंद्रनिहाय. वाडीत अंगणवाडीच नसेल तर सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर 2006 चा आदेश आहे, सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत केंद्र द्यावं. मुलांची यादी करा, मागणीचं पत्र द्या, पोच घ्या, त्या पत्राची तारीख प्रश्नात घाला. पोच नसली तर तीन महिने मोजणार कुठून?

ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं सगळेच विसरतात. ऐन अधिवेशनाच्या वेळी ती कारखान्याच्या आसपास खोपीत असतात, इथल्या पटावर नाहीत आणि तिकडच्या शाळेत गैरहजर. टेंट शाळा किती, कुठे, किती मुलं, आहार मिळतो का हे विचारा. इथेसुद्धा माध्यम विचारा, बीडकडून आलेल्या पोराला कन्नड शाळेत बसवून हजेरी लावली तर ते शिकणार काय.

माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकार टाका, उत्तराला 30 दिवस असतात, म्हणजे दसऱ्याच्या आधीच टाकायला पाहिजे.

लिहिताना प्रश्न कन्नडमध्येच करून न्या. आपल्यातली कितीतरी पोरं कन्नड छान लिहितात, नाहीतर हायस्कूलच्या सरांना सांगा. पीएला मराठी कागद दिला की तो घाईत भाषांतर करतो आणि गळतो नेमका माध्यमनिहाय हाच शब्द. कन्नड मसुदा झाला की स्वतः वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, तो शब्द बोटाने दाखव म्हणावं.

प्रश्न तारांकित दिला तर सभागृहात तोंडी उत्तर आणि उपप्रश्न विचारता येतात, पण नंबर लागेलच असं नाही. लांब आकडेवारी अतारांकितमध्ये मागा, लेखी येते. एक प्रश्न विधान परिषदेच्या आमदारांकडेही द्या, शिक्षक मतदारसंघाचे असतील तर उत्तम. "कोणत्या तारखेपर्यंतची स्थिती" आणि "कधीपर्यंत भरणार" हे दोन्ही घाला.

उत्तर आलं की जोडपत्रासकट झेरॉक्स मागून घ्या, आकडे जोडपत्रातच असतात. आपल्या यादीशी शाळावार ताडून बघा. फरक निघाला तर बीईओ आणि डीडीपीआर दोघांना लेखी, कॉपी आमदारांना. एसडीएमसीच्या मीटिंगमध्ये उत्तर वाचून प्रोसिडिंगला घ्या. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्याच आठवड्यात लिहून ठेवा, माध्यमनिहाय.