नेतृत्व आणि संस्कृती: काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने

मुंबईतल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याच्या हाती या विषयाची वाचनयादी पडते, तेव्हा तिच्यात बहुधा प्रत्येक देशाच्या संस्कृतीला आकड्यांत गुण देणारे तक्तेच वर असतात. तक्ते परीक्षेला सोयीचे असल्यामुळे तोही तिथूनच सुरुवात करतो आणि ‘भारतीय माणूस वरिष्ठापुढे बोलत नाही’ यासारखी विधाने पाठ करून मोकळा होतो. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. आधी एका कचेरीकडे पाहायला शिकवणारे पुस्तक वाचावे, तक्ते त्यानंतर हाती घ्यावेत आणि तेही त्यांच्यावरील टीकेसह.

सुरुवात संघटनांचे अभ्यासक एडगर शाइन यांच्या १९८५ साली आलेल्या ‘ऑर्गनायझेशनल कल्चर अँड लीडरशिप’ या ग्रंथापासून करावी. संस्थेच्या संस्कृतीचे त्यांनी तीन थर मानले आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, संस्था तोंडाने सांगते ती मूल्ये, आणि कोणी बोलून दाखवत नाही अशी खोलवरची गृहीतके. हे प्रकरण वाचून झाले की वही घेऊन एखाद्या बैठकीत मागे बसावे. ‘आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात’ हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पण टेबलाच्या टोकाची खुर्ची साहेब येईपर्यंत रिकामी राहते, आणि अशक्य मुदत समोर आली की कनिष्ठ ‘बघतो, सर’ एवढेच म्हणतो. त्या ‘बघतो’चा अर्थ नकार आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळते, फक्त बाहेरून आलेल्या परदेशी व्यवस्थापकाला कळत नाही. वहीत तीन रकाने आखून हे तिन्ही थर वेगळे नोंदवावेत. तिसरा रकाना पहिल्या महिन्यात जवळजवळ रिकामाच राहतो, त्याने खचून जाऊ नये.

यानंतर डच संशोधक गिर्ट हॉफस्टेड यांचे १९८०चे ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ घ्यावे. आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर ते उभे आहे. ‘पॉवर डिस्टन्स’ म्हणजे अधिकारातील अंतर लोक किती सहज मान्य करतात या मापावर त्यांनी भारताला ७७, अमेरिकेला ४० आणि डेन्मार्कला १८ गुण दिले. हे आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या एका माणसाविषयी ते काहीही सांगत नाहीत. हा इशारा खुद्द हॉफस्टेड यांनीच दिलेला आहे, आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो. लगोलग ब्रेंडन मॅकस्वीनी यांचा २००२ सालचा टीकालेख वाचावा. एकाच कंपनीतील नोकरदारांच्या उत्तरांवरून अख्ख्या राष्ट्राची संस्कृती कशी ठरवता येईल, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे. दोन्ही बाजू एकाच आठवड्यात वाचाव्यात. मध्ये महिना गेला की पहिली बाजू डोक्यात घट्ट बसते.

रॉबर्ट हाउस यांनी सुरू केलेल्या, अनेक समाजांतील संस्कृती आणि नेतृत्वाची तुलना करणाऱ्या ‘ग्लोब’ प्रकल्पाचा २००४चा ग्रंथ फार जाड आहे आणि तो सलग वाचण्याची गरज नाही. ६२ समाजांतील सुमारे १७ हजार मधल्या फळीच्या व्यवस्थापकांना ‘आज कसे आहे’ आणि ‘कसे असावे’ असे दोन वेगळे प्रश्न विचारले होते, एवढे ध्यानात ठेवून त्या दोन उत्तरांमधील तफावतीची प्रकरणे पाहावीत.

भारतीय अभ्यासांत जे. बी. पी. सिन्हा यांचे १९८०चे ‘द नर्चरंट टास्क लीडर’ टाळू नये. हाताखालच्या माणसाची काळजी घेणारा, पण ती माया कामाशी जोडणारा, आणि माणूस तयार होत जाईल तसा त्याला निर्णयात अधिकाधिक सामील करून घेणारा वरिष्ठ त्यांनी रेखाटला आहे. सहभागाचे परदेशी नमुने इथे जसेच्या तसे का चालत नाहीत, याचे मला पटलेले उत्तर त्यात आहे. मात्र ‘आपल्याकडे साहेब म्हणजे वडीलच’ अशी सबब म्हणून त्याचा वापर करू नये; कामाची अट गळली की उरते ती निव्वळ मेहेरबानी.

मुंबईत राहून डबेवाल्यांवरचे लेखन वगळता येणार नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण (केस स्टडी) प्रसिद्ध केलेले आहे. ते वाचताना अचूकतेच्या गाजलेल्या आकड्यांवर रेंगाळू नये. लक्ष मुकादमावर, म्हणजे डबेवाल्यांच्या गटप्रमुखावर ठेवावे. तो स्वतः याच कामात मुरलेला असतो, गटातील तंटे तोच मिटवतो, आणि त्याचा अधिकार कोणत्याही नेमणूकपत्रातून आलेला नसतो. सकाळी उशिरा डबे लावले जातात तेव्हा चर्चगेट स्थानकाबाहेर अर्धा तास उभे राहिल्यास या वाचनाला चांगली जोड मिळते.

शेवटी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ठेवावे. इ.स. १७१५च्या सुमाराच्या या राजनीतिपर ग्रंथात आरमारासाठी लाकूड लागत असतानाही रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये असे बजावले आहे, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. अशी आज्ञा लिहून ठेवावी लागली, त्या अर्थी प्रत्यक्षात काय चालत असावे, हा प्रश्न शाइन यांच्या तीन रकान्यांत मांडून पाहावा. भाषा जुनी असल्याने टीपा असलेली आवृत्ती घ्यावी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तिची चौकशी करावी.