नंबर न जुळणारं जुनं लष्करी पिस्तूल घेताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका परवानाधारक दुकानात माझ्यासमोर एक पिस्तूल आलं. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९२२चं मॉडेल, .३२ बोअर (नळीचं आतलं माप), दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना बनलेलं. बाजूला जर्मन तपासणीचा, गरुडाचा बारीक शिक्का. सोबत आमचे मिस्त्रीकाका होते. त्यांनी आधी मॅगझिन काढलं, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढली, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलं आणि मगच खिशातून भिंग काढलं. फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर) आणि स्लाइडवर एकच नंबर होता. रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून दिसणाऱ्या नळीवर मात्र दुसराच. "नळी बदललीय, एवढं चालतं," दुकानदार म्हणाला. काका काही बोलले नाहीत, पिस्तूल उजेडाकडे धरून नळीत बघत राहिले.

लोक फसतात ते इथेच. "नंबर जुळत नाहीत" याचा अर्थ प्रत्येक पिस्तुलात वेगळा असतो. जर्मन सैन्याच्या लुगर पिस्तुलात भाग हाताने घासून एकमेकांत बसवलेले असत, म्हणून बारीकसारीक भागांवरही नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. तिथे नंबर चुकला की किंमत पडते. तो भाग नळी किंवा टॉगल (वरची गुडघ्यासारखी दुमडणारी जोडणी) असेल, तर पिस्तूल नीट चालेल का हाही प्रश्न उभा राहतो. उलट अमेरिकन सैन्याच्या १९११ मॉडेलच्या पिस्तुलात भागांची अदलाबदल व्हावी हेच धोरण होतं. कोल्ट कंपनीची फ्रेम आणि रेमिंग्टन रँड कंपनीची स्लाइड ही जोडी तिथल्या लष्करी कार्यशाळेतच झालेली असू शकते, त्यात दोष काही नाही. पहिल्या महायुद्धातल्या रूबी पिस्तुलाची गोष्ट तिसरीच. फ्रेंच सैन्यासाठी स्पेनमधल्या एइबारच्या आसपासचे कितीतरी कारखाने ती बनवत होते आणि एकाचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेलच असं नव्हतं. म्हणून फ्रेमवर आणि मॅगझिनच्या तळाला कारखान्याची अक्षरं ठोकायला लावली. रूबी घेताना नंबराआधी ती अक्षरं बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. नंबर न जुळणाऱ्या पिस्तुलापेक्षा मला जुळवलेल्या पिस्तुलाची जास्त भीती वाटते. भाव वाढावा म्हणून कोणीतरी जुना आकडा घासून नवा ठोकतो. आपल्याकडे हा नुसता खोटेपणा नाही, गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८नुसार शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसता, बदलता किंवा बनावट करता येत नाही. असं शस्त्र तुमच्याकडे सापडलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते काम तुम्हीच केलं असं कायदा धरून चालतो. म्हणून भिंग घेतल्याशिवाय जाऊ नका. ठोकलेल्या आकड्याच्या कडा आजूबाजूच्या पोलादाइतक्याच झिजलेल्या हव्यात. आकड्याभोवती धातू ताजा वर आलेला असेल, आकड्याच्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट लागत असेल किंवा एका भागावरच्या ४चं वळण दुसऱ्या भागावरच्या ४शी जमत नसेल, तर पिस्तूल काउंटरवर ठेवा आणि निघा. घासाघीस करत बसू नका.

बोअर तपासायचं राहून जातं, तेही अनेकांचं. ज्यात सैन्याची ९ एमएम, .४५ रिमलेस, .३८० किंवा .४५५ रिम्ड काडतुसं (रिम म्हणजे काडतुसाच्या तळाची बाहेर आलेली कड) बसतात, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. म्हणजे ९ एमएम लुगर, पी३८, १९११, एनफिल्ड, .४५५ वेब्ली ही सगळी साध्या परवान्यावर घेताच येत नाहीत. आणि नळीवर "७.६५" दिसलं म्हणून ते .३२ समजू नका. ७.६५ ब्राउनिंग म्हणजे .३२. लुगरचं ७.६५ पॅराबेलम हे वेगळंच, बाटलीच्या मानेसारखं निमुळतं काडतूस आहे.

"आता घेऊ, जुळणारी नळी नंतर शोधू," हा विचारही सोडा. शस्त्राचे भाग कायद्याने शस्त्रातच धरलेले आहेत. चोर बाजारात किंवा कुणाच्या ओळखीने सुटी नळी, स्लाइड घेणं म्हणजे विनापरवाना शस्त्र घेणं. शिवाय सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही, त्यामुळे सुटे भाग येणार कुठून? पिस्तूल आज जसं समोर आहे तसंच ते राहणार, हे धरूनच भाव ठरवा.

नळी उजेडाकडे धरून बघताना आत काळी गोल कडी दिसली, तर कधीतरी गोळी अडकून नळी फुगलेली आहे. ते पिस्तूल नको. ग्रिपच्या पट्ट्या काढायला सांगा. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं चामड्याच्या होल्स्टरमध्ये पडलेल्या पिस्तुलाला खड्डे पडतात आणि वरून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलं की ते झाकले जातात. पट्टीखाली मात्र सहसा कोणी हात लावत नाही. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, तर पॉलिश जोरात मारलेलं आहे.

व्यवहार खासगी असेल, तर विकणाऱ्याने आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, वारशाने आलेलं धरून. घरात आजोबांचं एक असेल तर ते आधी मोजा.

त्या एफएनची नळी आतून स्वच्छ निघाली. पण ती कोणी, कधी बदलली याची नोंद दुकानदाराला दाखवता आली नाही. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे काम झालं असेल तर कागद असणारच. काकांनी नळीवरचा नंबर माझ्या डायरीत लिहून घेतला आणि पिस्तूल कापडावर परत ठेवलं. तो कागद आला तर मी घेईन. अजून आलेला नाही.