धाकटी जाऊ माहेरी गेली ती गेलीच

तुम्ही मला नक्की बघितलंय. नाव सांगितलं तर ओळखणार नाही, पण चेहरा बघून "अय्या, तुम्ही त्या ह्यांच्यात होता ना?" असं आठवड्यातनं एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, आणि पुढचा प्रश्नही ठरलेला, "सध्या काय करता?" बारा वर्षं हेच करतेय हो, छोटे-छोटे रोल. नर्स, शेजारीण, हिरॉइनची ऑफिसमधली मैत्रीण, इन्स्पेक्टरची बायको, आणि आता वय सरकलं तशी वहिनी आणि धाकटी मावशी. सात सिनेमे केले, त्यातल्या दोनांत एडिटला उडाले, एकात पाठ दिसते. नाटकं मात्र चार व्यावसायिक केली आणि त्यांचे प्रयोग मोजायचे मी कधीच सोडून दिले.

सांगलीची आहे मी. म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं सुरुवात केली ते गाव, त्यामुळे आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक तरी माणूस राज्य नाट्यस्पर्धेत भाला धरून उभा राहिलेला असतो. मीही तिथनंच आले, मग पुण्यात एकांकिका, मग मुंबई. गावाकडच्या मुलींचे फोन येतात, ताई येऊ का मुंबईला, काय काय तयारी करू. फोटो कसे काढायचे, ऑडिशनला नाव-उंची-प्रोफाइल कसं द्यायचं, ऑडिशनं चालतात त्या आराम नगरला कुठल्या गल्लीतनं शिरायचं हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यात मी वेळ घालवत नाही. ऑडिशनसाठी, कलाकार संघटनेच्या कार्डसाठी, "फाइल पुढे सरकवायला" कोणी पैसे मागितले की तिथनं उठायचं, एवढंच. आणि दोन दिवसांचं ॲक्टिंग वर्कशॉप करू नका. माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे. त्या पैशात एका चालू नाटकाच्या दौऱ्यावर बॅकस्टेजला जा, कपडेपटातल्या मावशींच्या हाताखाली इस्त्री करा, प्रॉम्प्टिंग करा. एकच वाक्य चाळीस प्रयोगांत चाळीस वेळा कुठं हशा घेतं आणि कुठं पडतं हे विंगेत उभं राहून कळतं ते कुठल्याही वर्कशॉपात कळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते, मालिकेच्या ॲग्रीमेंटवर न वाचता सही केली की काय होतं.

माझं तेव्हा एक व्यावसायिक नाटक चालू होतं. रोल तिसऱ्या नंबरचा, म्हणजे दुसऱ्या अंकात येते, भांडते, जाते, पण एक्झिटला टाळी होती. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे, १,२०० रुपये, महिन्याला दहा-बारा प्रयोग, प्रयोग संपला की मॅनेजरकाका हातात पाकीट देणार. पंचेचाळीस प्रयोग झालेले. आणि मालिका आली. हिरोची धाकटी वहिनी, दिवसाचे २,५००. फोनवर ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणाला, "महिन्याला पंधरा दिवस तरी लागतीलच ताई, घरातलंच कॅरेक्टर आहे." मी पटकन गुणाकार केला. पंधरा गुणिले अडीच हजार. सगळ्यांनीच केला असता.

ॲग्रीमेंट अकरा पानांचं, इंग्रजीत. मेकअप रूममध्ये केसांना रोलर लावलेले असताना समोर आलं, बाहेर असिस्टंट डायरेक्टर ओरडतोय "मॅडम शॉट रेडी", आणि मी प्रत्येक पानावर सही करत गेले. त्यात काय होतं ते मी चार महिन्यांनी वाचलं. एका कलमात होतं की लेखी परवानगीशिवाय मी दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही. दुसऱ्या कलमात होतं की दिवस कथानकाच्या गरजेनुसार. बास. पंधरा हा आकडा अकरा पानांत कुठेच नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण मुली मान डोलवतात आणि मग हेच करून बसतात. मी माझे तीसच्या तीस दिवस त्यांना दिले होते आणि त्यांनी मला एकही दिवस दिला नव्हता. पहिल्या महिन्यात अकरा दिवस शूट झालं. दुसऱ्या महिन्यात सहा. तिसऱ्यात तीन. गुरुवारी टीआरपी आला, खलनायिकेचा ट्रॅक, म्हणजे तिची गोष्ट, वाढवला गेला, आणि माझं कॅरेक्टर, म्हणजे त्या घरातली धाकटी जाऊ, "आईला बरं नाही" म्हणून बॅग घेऊन माहेरी गेली. मला वाटलं आठवड्याचं आहे. दोन महिने ती माहेरीच. काढलं म्हणावं तर काढलेलं नाही, कॅरेक्टर जिवंत आहे, कधीही परत येऊ शकतं, म्हणून दुसरं काम घ्यायचं नाही आणि केससुद्धा कापायचे नाहीत कारण कंटिन्युइटी! मी गोरेगावच्या पीजीत कॉटवर बसून माझीच मालिका बघायचे, आज तरी कोणी जेवताना माझं नाव काढतंय का म्हणून. एकदा सासूबाई म्हणाल्या, "ती असती तर पुरणपोळ्या झाल्या असत्या." मला केवढा आनंद झाला सांगू.

त्या तिसऱ्या महिन्याचा हिशोब करून दाखवते. तीन दिवसांचे ७,५००. त्यातनं दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, ७५०. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे वीस टक्के, १,५००. राहिले ५,२५०. आणि तेही नव्वद दिवसांनी, कारण मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनीच येतात, त्यात नवीन काही नाही, पण आमच्याकडे ते नव्वद बिल जमा केल्यापासून मोजत होते, शूट झाल्यापासून नाही, आणि मी बिलच वीस दिवस उशिरा दिलेलं. पीजीचं भाडं ९,०००. (टीडीएस बुडत नाही, उत्पन्नावर कर बसत नसेल तर रिटर्न भरलं की परत मिळतो. मी पहिली तीन वर्षं भरलंच नाही, कारण "आपलं कुठं एवढं उत्पन्न!" उत्पन्न कमी असेल तर उलट भरायचंच असतं बाई, तुमचेच पैसे पडलेत तिथं.)

नाटक सोडावं लागलं होतं हे सांगायचं राहिलं. सोडावं का लागतं तेही सांगते. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्याला महिने-महिने आधी मिळतात, जाहिरात जाते, बुकिंग उघडतं. मालिकेचा कॉल टाइम आदल्या रात्री दहाला व्हॉट्सॲपवर येतो. ही दोन माणसं एका घरात नांदणार कशी? मोठ्या नटांचं जमतं, त्यांच्यासाठी युनिट थांबतं, संध्याकाळी पाचला त्यांना सोडतात. धाकट्या जावेसाठी कोण सोडणार. रविवारी मढला पॅकअप लांबलं, वर्सोव्याला यायला मी फेरी बोटीच्या लाइनीत उभी आणि पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात साडेआठचा प्रयोग. पहिली घंटा झाली तेव्हा मी रिक्षात होते. विंगेत पोचले ते तिसरीला, तोंडावर मालिकेचाच मेकअप. प्रयोग झाला, पण मॅनेजरकाकांनी पाकीट देताना वर बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात रिप्लेसमेंट उभी राहिली.

ते नाटक मी नंतर ठाण्याला गडकरी रंगायतनला तिकीट काढून बघितलं. का गेले माहीत नाही. नवी मुलगी चांगली होती, माझ्यापेक्षा आवाज मोठा. अंगावर माझीच मोरपंखी साडी, आणि ब्लाउज माझ्या मापाचाच, पाठीला आत घेतलेला. आठव्या रांगेतनं मला ती नवी शिवण दिसत होती. एक्झिटला टाळी आली. जागाच टाळीची होती हो, माझी कुठली.

आता कोणी म्हणेल, ताई, तुम्ही घाबरवताय. हो, थोडं घाबराच. पण मालिका करू नका असं मी म्हणत नाहीये आणि तसं म्हणणाऱ्या गुरुजनांपासून जरा लांबच राहा. "आधी पाच वर्षं प्रायोगिक कर, मालिकेत हात खराब होतो" हे मला ज्या सरांनी सांगितलं त्यांचं स्वतःचं दादरला घर आणि बँकेतली नोकरी होती. हात मालिकेने खराब होत नाही, उपाशी राहिल्याने होतो. उलट कॅमेऱ्यासमोर एका टेकमध्ये रडायला मालिकेनंच शिकवलं. आणि दोन्हीकडे काम करणं हे काही आपल्याच पिढीचं पाप नाही, १९१३ साली फाळक्यांच्या सिनेमात पहिल्यांदा बाया उभ्या राहिल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, त्याही फिरत्या नाटक कंपनीतूनच आलेल्या.

फक्त सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. महिन्याला कमीत कमी किती दिवस, आणि तेवढे नाही लागले तर पैसे मिळणार का? छोट्या रोलला "नाही" म्हणतील, म्हणू देत. मग लगेच दुसरं, की दिवसांची हमी नाही तर बाहेरचं काम करायला मोकळीक हवी, नाटकाच्या तारखा मी महिन्याच्या सुरुवातीला लिहून देईन. तिसरं, ट्रॅक थांबला तर किती दिवसांनी मी मोकळी? हे तिसरं कोणीच विचारत नाही आणि माहेरी गेलेल्या सगळ्या जावा तिथंच अडकतात. ॲग्रीमेंट आदल्या दिवशी मेलवर मागा. सेटवर सही नाही म्हणजे नाही, रोलर असोत नाहीतर नसोत. काम जाईल अशी भीती वाटेल. माझं एकदा गेलंही, खोटं कशाला बोलू. पण चार वेळा नाही गेलं.

नाटकाकडे मी कशी परतले ती काही मोठी स्टोरी नाही. मे महिन्यात बालनाट्यात चेटकीण केली, दिवसाला दोन प्रयोग, घामाने चिकटवलेलं नाक सुटायचं. तिथं एका कपडेपटवाल्या मावशींनी दुसऱ्या नाटकात नाव सुचवलं. माझी बरीचशी कामं अशीच कपडेपटातनं आणि मेकअप रूममधनं आलीत, म्हणून त्या लोकांशी नीट वागा. नाहीतरी नीटच वागायला पाहिजे.

त्या जावेतून सुटले ती अशी. पाचव्या महिन्यात एका मैत्रिणीने मेसेज लिहून दिला, तोच मी ईपीला पाठवला. "दादा, गेले दोन महिने माझं शूट लागलेलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांत तारखा नाही कळल्या तर मी नाटकाला डेट्स देतेय. चालणार नसेल तर आजच सांगा." भांडण नाही, रडणं नाही. चार तास ब्लू टिक. मग नुसता एक अंगठा आला. त्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट तीन फोन बदलले तरी माझ्याकडे आहे.