सुटका केलेल्या घोड्याला तात्पुरता आसरा देताना

मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शहरातील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले, तेव्हा गाडीवाल्यांच्या पोटापाण्याबरोबरच त्या गाड्यांच्या घोड्यांनी जायचे कुठे, हा प्रश्नही उभा राहिला. हाच प्रश्न वरातीतल्या घोड्यांच्या, वीटभट्टीवर माल वाहणाऱ्या तट्टांच्या आणि थंड हवेच्या ठिकाणी पाय अधू झाल्यावर सोडून दिलेल्या जनावरांच्या बाबतीत आजही पडतो. प्राणिकल्याण संस्थांकडे जागा मोजकी असते. त्यामुळे ज्याच्याकडे थोडी शेतजमीन, बारमाही पाणी आणि दिवसातून अनेकदा गोठ्यात जाण्याइतका वेळ आहे, त्याने असे एखादे जनावर काही महिने सांभाळले तर संस्थेचा भार खरोखर हलका होतो.

पहिले काम कागदांचे आहे. क्रूरतेच्या गुन्ह्यात जप्त केलेला घोडा कायद्याच्या भाषेत मुद्देमाल असतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असेपर्यंत असे जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणिकल्याण संस्था यांच्याकडे सोपवता येते, म्हणजे आपण ते संस्थेच्या वतीने सांभाळत असतो आणि त्याचे मालक होत नाही. वैरण, औषधपाणी आणि नालबंद यांचा खर्च कोणी करायचा, रात्री-अपरात्री शस्त्रक्रियेची वेळ आली तर निर्णय कोणी घ्यायचा, जनावर दगावले तर कोणाला कळवायचे, हे सगळे लेखी करारात असावे. स्वारी, पैदास आणि भाड्याने देणे यांवरील बंदीही त्यात स्पष्ट लिहून घ्यावी, कारण गावात पांढरी घोडी आली की ‘आमच्या पोराच्या वरातीपुरती द्या’ असे म्हणणारे पाहुणे आठवड्याभरात दारात उभे राहतात आणि तेव्हा करार दाखवणे हाच नकाराचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

जागेचा थाट लागत नाही. साधारण १२ फूट लांब-रुंद, उंच छपराचा आणि हवेशीर आडोसा पुरतो. जमीन मात्र मुरमाची असावी, कारण गुळगुळीत फरशीवर अशक्त घोडा एकदा घसरून बसला की त्याला उठवायला चार-सहा माणसे लागतात. काटेरी तारेचे कुंपण घोड्याच्या पायांचे वाटोळे करते, म्हणून तिथे लाकडी वासे किंवा लोखंडी पाइप आडवे लावावेत. बांधावरची कण्हेर, एरंड आणि घाणेरी ही विषारी झाडे आधीच काढून टाकावीत, कारण भुकेलेले जनावर एरवी ज्याला तोंड लावणार नाही, तेही खाते.

घोडा येईल तेव्हा त्याला घरच्या जनावरांपासून किमान तीन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. त्याची बादली, खरारा आणि म्होरकी वेगळी असावी आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करून हात धुवावेत. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि तो प्राणघातक असल्यामुळे या बाबतीत भिडस्तपणा उपयोगाचा नाही. पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना घेऊन हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत नाकातून चिकट स्राव येणाऱ्या किंवा अंगावर गाठी फुटलेल्या घोड्याला उघड्या हाताने हाताळू नये. त्याच भेटीत धनुर्वाताच्या लशीचे विचारून घ्यावे, कारण पाळीव जनावरांत धनुर्वात सर्वांत लवकर घोड्यालाच होतो आणि अशा घोड्यांच्या अंगावर जखमा असतातच.

यापुढचा भाग सर्वांत नाजूक आहे, तो म्हणजे चारा-पाणी. बरगड्या मोजता येतील असा घोडा दारात आला की घरातील प्रत्येकाला त्याच्यापुढे हरभऱ्याची चंदी आणि गूळ-भाकरी ठेवावीशी वाटते. आमच्याकडे पहिल्यांदा घोडी आली तेव्हा आईने परातभर भरडा आणून ठेवला होता आणि तो उचलताना तिची नाराजी मला पत्करावी लागली. दीर्घ उपासमारीनंतर अचानक पिष्टमय आणि गोड अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि घोडा तीन-चार दिवसांनी, म्हणजे आता तो सावरला असे वाटू लागते नेमक्या तेव्हाच, कोसळू शकतो. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुचवलेली पद्धत अशी की सुमारे ४५० किलोच्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो वाळलेला लसूणघास द्यावा आणि पुढे दहाव्या दिवसापर्यंत प्रमाण वाढवत खेपा कमी कराव्यात. रात्री दोनचीही खेप चुकवायची नाही.

आपल्याकडची तट्टे पुष्कळ लहान असतात, म्हणून वजनाचा अंदाज आधी घ्यावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. घेर १४० आणि लांबी १३० आली, तर तट्टू सुमारे २१५ किलोचे आहे आणि त्याची एक खेप पाव किलोहून थोडी कमी आहे. वाळलेला घास मिळाला नाही तर कापलेला हिरवा घास दिवसभर सावलीत सुकवावा; हिरव्यात बहुतेक पाणीच असल्यामुळे त्याचे वजन तीन-चार पट धरावे लागते. नेमके प्रमाण पशुवैद्यकाकडून पक्के करून घ्यावे. पाणी स्वच्छ आणि सतत समोर असावे. कोवळी ज्वारी देऊ नये, आणि कोंबडीखाद्य ठेवलेल्या खोलीला कुलूप असावे, कारण त्यात मिसळले जाणारे मोनेन्सिनसारखे औषध कोंबडीला चालते पण घोड्याचे हृदय निकामी करते.

घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे खरे संकट. लीद बंद होणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, मान वळवून कुशीकडे पाहणे, पुन्हा पुन्हा लोळणे, यांपैकी काही दिसले तर वैरण काढून घेऊन लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजण्याचा उपाय सुचवणारा जाणकार अशा वेळी हमखास हजर होतो. त्याचे ऐकू नये, कारण ते तेल फुप्फुसात उतरले की घोडा वाचवणे अवघड होते. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते. ती कशी मोजायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकून ठेवावे.

जंताचे औषध पहिल्या दिवशी देण्याची घाई करू नये, आधी लीद तपासून घ्यावी. दातांच्या कडा वाढून गालाला लागत असतील तर चघळलेल्या वैरणीचे ओले बोळे तोंडातून खाली पडलेले दिसतात. असे दात पशुवैद्यकाकडून घासून घ्यावे लागतात. जुने नाल नालबंदाकडून काढवून खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासावेत, मात्र वाढलेला खूर एकाच बैठकीत मूळ आकारावर आणण्याचा आग्रह धरू नये. पावसाळ्यात खुराच्या तळव्यातील खाचेत चिखल साचून ती काळी पडते आणि दुर्गंधी येते, तेव्हा खूर रोज कोरून घोड्याला कोरड्यात उभे करावे. याच दिवसांत चावणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो, म्हणून ताप येऊन जात असेल आणि पोटाखाली सूज दिसत असेल तर रक्त तपासून घ्यावे.

स्वभावाच्या बाबतीत घाई नको. आमच्या घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यांत काटेरी लगामाचे जुने वण होते आणि कोणी हात डोळ्याच्या वर नेला की ती मागे सरून भिंतीला टेकायची; ढोलाचा आवाज मात्र तिला मुळीच खटकत नसे. अशा जनावराकडे समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे, आणि पहिले काही दिवस हाती काहीही न घेता नुसते शेजारी उभे राहावे. घोडा कळपातला प्राणी आहे. विलगीकरण संपल्यावर त्याला दुसरा घोडा, गाढव किंवा निदान शेळीची सोबत मिळाली तर तो पोटभर खातो आणि रात्री आडवा होऊन झोपतो.

या सगळ्याची एक वही ठेवावी: तारीख, घेर, वैरण, लीद, औषध, नालबंदाची फेरी. दर पंधरवड्याला डाव्या बाजूने, त्याच जागी उभे करून एक छायाचित्र काढावे, कारण रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि न्यायालयात विचारणा झाली तर हीच नोंद कामी येते. घोडा कायमच्या घरी जाईल तेव्हा ही वही, त्याच्या सवयीची म्होरकी आणि आपल्याकडची आठ-दहा दिवसांची वैरण बरोबर द्यावी, आणि नव्या घरच्यांना सांगावे की त्यांचा चारा त्यात रोज थोडा थोडा मिसळत न्यावा.