वाडीतले दिवे पहिल्याच पावसात का जातात? या चुका टाळा

मृगाचा पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो. दिवाळीत हौसेने लावलेले बागेतले दिवे बंद पडलेले असतात, नाहीतर दिवे लावले की अख्ख्या घराची लाइट उडते. गुहागर-दापोली पट्ट्यात वायरमनचं काम करत माझे केस पांढरे झाले, पण चुका दरवर्षी त्याच. दुसरा फोन गणपतीच्या आठ दिवस आधी येतो: "पाहुणे येतायत, दोन दिवसांत गेटपासून पडवीपर्यंत दिवे हवेत." हल्ली मी सरळ सांगतो, दसऱ्यानंतर बघू. ओल्या मातीत घाईने पुरलेली वायर पुढच्या जूनमध्ये मलाच उकरावी लागते.

जमिनीत टेप मारलेला जॉइंट

हे माझं सगळ्यात जुनं दुखणं. वायर पिळायची, काळी टेप गुंडाळायची आणि वर माती लोटायची. घरातल्या बोर्डात ती टेप टिकते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत मीठ आहे आणि वाडीत शिंपणं बारा महिने चालू. तिथे तिचा टिकाव लागत नाही.

एका घरी मुंबईकर मालकांनी वाटेवर लोखंडी खांबांचे चौदा दिवे लावून घेतले होते, थेट २३० व्होल्टचे. पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, पडायला लागली. कुणीतरी 'हुशार' माणूस आला आणि त्याने ती काढून लाइन डायरेक्ट केली. दिवे लागले, मालक खूश. पंधरा दिवसांनी वाडी राखणाऱ्या बाईंचा फोन: "दादा, गडग्याजवळच्या खांबाशी पाय ठेवला की मुंग्या येतात हो." मी गेलो. खांब आणि ओली जमीन यांत मीटर लावला, तर साठच्या वर व्होल्ट! बाई तिथे रोज अनवाणी झाडायच्या. खांबाला अर्थिंगची वायर नव्हतीच.

खणलं तर वायर जेमतेम चार बोटं खोल. जांभा फोडायचा कंटाळा, दुसरं काय? पाटाच्या कडेलाच जॉइंट होता. टेप भिजल्या पोळीसारखी हातात आली. आत तांब्याची जागा हिरव्या भुकटीने घेतली होती. असे तेरा जॉइंट. सगळे काढले.

आरसीसीबी पडते म्हणजे ती बिघडली असं नाही, तिचं कामच ते. ३० मिलीअँपिअर गळती झाली की तिने लाइन तोडायची. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, हे काम करत नाही, ती वायर वाचवते, माणूस नाही. आरसीसीबी डायरेक्ट करून द्या म्हणणाऱ्याकडे मी चहासुद्धा घेत नाही.

माझी पद्धत अशी. जमिनीत जॉइंट करायचाच नाही. वायर एका दिव्यातून दुसऱ्यात अखंड न्यायची आणि जोड दिव्याच्या आत किंवा जमिनीपासून हातभर वर लावलेल्या डब्यात. डब्याला ग्लँड, म्हणजे वायर आत घेणारं घट्ट बूच, खालच्या बाजूने. वायर आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळावरून टपकतो, आत शिरत नाही. डब्याच्या तळाला मी एक बारीक भोक पाडतो. लोक हसतात. पण डबा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, गार झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज हेच. पाणी कुठूनतरी येणारच, तर त्याला जायला वाट ठेवा. सिलिकॉन चोपडून सगळं बंद केलं की आत तळं साचतं. हे भोक फक्त डब्याला बरं का, सीलबंद दिव्याला पाडू नका.

शेवटचे दिवे मिणमिणतात

एका काकांनी १२ व्होल्टचे मिळून ६० वॉटचे दिवे आणले आणि एक स्क्वेअर एमएमच्या वायरीने तीस मीटरवर विहिरीपाशी नेले. दिवे मंद. त्यांनी अडॅप्टर बदलून १०० वॉटचा आणला, मग १५० चा. दिवे तसेच. काका, अडॅप्टर मोठा केला म्हणून वायर जाड होत नाही!

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, त्याचा रोध साधारण एक ओहम. पाच व्होल्ट वाटेतच खपले. तीच वायर अडीच एमएमची घेतली तर दोन व्होल्ट जातात. दिवे २४ व्होल्टचे घेतले तर करंट निम्मा होतो आणि त्याच अडीचच्या वायरीवर २४ मधला एकच व्होल्ट जातो. म्हणून मी लांबच्या वाडीला १२ व्होल्ट घेऊच देत नाही. शिवाय अडॅप्टर घरात न ठेवता वाडीच्या मध्याजवळ, छपराखाली ठेवतो. संशय आला की सगळे दिवे चालू ठेवून शेवटच्या दिव्यापाशी व्होल्ट मोजा. दिवे बंद ठेवून मोजलेत तर मीटर पूर्ण १२ दाखवील आणि तुम्ही दुकानदाराशी भांडायला जाल.

बाकीच्या, पटकन

आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा दिवा, पाण्यात बुडवायचा नव्हे. पाणी साचणाऱ्या जागी ६७ घ्या. आणि खाऱ्या हवेबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. अॅल्युमिनियमच्या दिव्याला लोखंडी स्क्रू असला तर दोन वर्षांत दिवा उघडत नाही. समुद्राजवळ ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि लावताना थोडं व्हॅसलीन.

माडाला खिळे ठोकू नका. जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, दिव्यापायी माड जातो. माडाखाली दिवाही नको, नारळ किंवा झावळी कधी पडेल ते सांगून पडत नाही.

सोलरचे दिवे पोफळीच्या सावलीत? जुलैत? पैसे फार झाले असतील तर घ्या.

खरेदी आधी आणि विचार नंतर, ही मुंबईहून पेटी भरून आणणाऱ्यांची खोड. अवसेच्या रात्री हातात बॅटरी घेऊन वाडीत फिरा, घरच्या माणसाला पडवीत बसवून विचारा, डोळ्यांवर येतं का. पंधरा दिव्यांचं काम पाच दिव्यांत होतं.

बंद केलेला दिवा रात्री अंधुक दिसत राहिला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असू शकतं. तसं असलं तर दिवा बंद दिसतो, आत फेज जिवंत असतो. ते दुरुस्त करून घ्या, आणि २३० व्होल्टचं काही असलं तर परवानाधारक वायरमनकडूनच.

आरसीसीबी फक्त पावसात पडत असेल तर बागेची लाइन अर्धी अर्धी सोडवत जायची. पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. नुसती एमसीबी पाडून भागत नाही, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते, आणि ओल्या जागी न्यूट्रल अर्थला लागलेला असला तरी आरसीसीबी पडते. ही एक गोष्ट माहीत नसल्याने मी एकदा पूर्ण दिवस भर पावसात उकरण्यात घालवलाय.

आणि शेवटची चूक, समुद्राकडे तोंड करून लावलेला पांढरा फ्लडलाइट. वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाकडे चालतात. समुद्रावरचा उजेड समजून ती अशा दिव्याकडे वळतात आणि सकाळी कावळ्यांच्या तोंडी पडतात. अशा जागी मी दिवे गुडघ्याखाली, पिवळे आणि जमिनीकडे वळवलेले लावतो. एका पाहुणेघरवाल्याला तेवढ्याने भागेना, त्याला 'बीच लाइट' हवा होता. मी हत्यारं गोळा केली आणि परत आलो.