अणुवीज केंद्रातली आणीबाणी आणि सोलापूरचा बातमी डेस्क: या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. फताटेवाडीजवळचं एनटीपीसीचं 1,320 मेगावॉटचं केंद्र कोळशावर चालतं. तारापूरचं अणुवीज केंद्र इथून सरळ रेषेत 400 किमीच्या पुढे आहे, कर्नाटकातलं कैग्याचं साधारण 350 किमीवर. तरीही यातल्या एखाद्या ठिकाणी काही घडलं, तर तासाभरात इथल्या डेस्कवरचे फोन खणखणू लागतील, कारण इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबई-पुण्याकडे कामाला आहे. त्या तासात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. त्या आधीच माहीत असल्या तर बऱ्याचशा टाळता येतात.

एकक खाल्लं की बातमी मेली

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 15 मार्च 2011 रोजी जपान सरकारचे मुख्य कॅबिनेट सचिव युकिओ एदानो यांनी त्सुनामीनंतर अपघातग्रस्त झालेल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातली किरणोत्साराची मोजणी जाहीर केली. 3 क्रमांकाच्या भट्टीजवळ (म्हणजे रिअ‍ॅक्टरजवळ) ताशी 400 मिलीसिव्हर्ट. तोवरचे आकडे मायक्रोसिव्हर्टमध्ये येत होते, म्हणून एकक बदललंय हे त्यांना मुद्दाम सांगावं लागलं. 1 मिली म्हणजे 1,000 मायक्रो. घाईत एक शब्द इकडचा तिकडे झाला की बातमी हजार पटीने चुकते.

जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतात. ताशी 400 मिलीसिव्हर्टच्या जागी तासभर उभं राहणं म्हणजे 160 हून अधिक वर्षांचा तो वाटा एका तासात घेणं. आकडा खरोखर भयंकर होता. पण तो केंद्राच्या आवारात, भट्टीच्या शेजारी मोजलेला होता, टोकियोतला नव्हता. म्हणून आकडा आला की टीव्हीच्या पट्टीवर टाकण्याआधी पाच गोष्टी विचारा: एकक कोणतं, ताशी की एकूण, नेमकी जागा कुठली, मोजणी किती वाजताची, आणि मोजलं कुणी. यातलं एकही उत्तर नसेल तर आकडा थांबवा. बेकरेल आणि सिव्हर्ट यांची सरमिसळही करू नका. पाण्यात, दुधात, मातीत किरणोत्सारी द्रव्य किती आहे ते बेकरेल सांगतं. शरीरावर परिणाम किती ते सिव्हर्ट.

‘नेहमीपेक्षा इतक्या पट’ हा शब्दप्रयोग तर मथळ्यातून काढूनच टाका. 27 मार्च 2011 रोजी फुकुशिमाच्या 2 क्रमांकाच्या भट्टीच्या इमारतीत साचलेल्या पाण्यातल्या किरणोत्साराची पातळी नेहमीच्या 1 कोटी पट असल्याचं केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने सांगितलं, आणि मग तो आकडा चुकल्याचं मान्य करून 1 लाख पट असा दिला. पहिला मथळा तोवर जगभर फिरला होता.

गळती, स्फोट, आणीबाणी: शब्द तोलून वापरा

वीज केंद्रातली भट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही; तिच्या इंधनात त्यासाठी लागणारं युरेनियम-235 चं प्रमाणच नसतं. फुकुशिमात जे स्फोट दिसले ते हायड्रोजनचे. इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण तापून वाफेशी त्याची रासायनिक क्रिया झाली आणि हा वायू साचला. ‘अणुस्फोट’ हा शब्द तिथे चूक होता. ‘हायड्रोजनचा स्फोट’ बरोबर.

‘गळती’चंही तसंच. नोव्हेंबर 2009 मध्ये कैग्यात 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, गेलं. ते पिण्याच्या पाण्याच्या कूलरमधून गेलं होतं, भट्टी गळत नव्हती. उलट मार्च 2016 मध्ये गुजरातच्या काक्रापारमध्ये भट्टी थंड ठेवणाऱ्या जड पाण्याचीच गळती झाली, आणि ‘प्लँट इमर्जन्सी’ जाहीर झाली. म्हणजे केंद्रापुरती. तिच्यावरची पायरी ‘साइट इमर्जन्सी’, आवारापुरती. ‘ऑफ-साइट’ म्हटलं तरच कुंपणाबाहेरच्या लोकांचा प्रश्न येतो आणि सूत्रं जिल्हा प्रशासनाकडे जातात. आपल्याकडे त्यासाठी आखलेलं क्षेत्र केंद्राभोवती 16 किमीचं. नुसतं ‘आणीबाणी जाहीर’ लिहिलं तर वाचक तिसरी पायरीच समजतो.

अपघाताची आंतरराष्ट्रीय श्रेणी 0 ते 7 असते आणि सुरुवातीला दिलेली श्रेणी तात्पुरती असते. फुकुशिमाची 4 वरून 5 झाली आणि 12 एप्रिलला 7. डेस्कवर बसून स्वतःची श्रेणी लावू नका.

‘भट्टी बंद, धोका टळला’ हा मथळाही घातक. अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया थांबल्या क्षणी मूळ उष्णतेच्या 6 ते 7 टक्के उष्णता इंधनात निघतच असते. ती तासागणिक घटते, पण इंधनावर पाणी फिरवत राहावं लागतं. म्हणून बातमीदाराने पहिला प्रश्न विचारावा तो हा: पंपांना वीज कुठून मिळतेय?

वर्तुळाचा नकाशा

कर्नाटकातलं केंद्र म्हटलं की कुणीतरी नकाशावर गोल काढून अक्कलकोट, मंगळवेढा सीमेवर असल्याचं दाखवणार. कैगा कारवारकडे, सह्याद्रीच्या कुशीत आहे. सीमा जवळ म्हणून केंद्र जवळ होत नाही. शिवाय वारा गोल पाळत नाही. फुकुशिमात लोकांना हलवलेल्या 20 किमीच्या वर्तुळाबाहेरचं, वायव्येकडचं इताते गाव वारा आणि पाऊस-बर्फामुळे जबर दूषित झालं, तर आतल्या काही जागा त्यामानाने कमी. नकाशा द्यायचाच तर त्यावर वाऱ्याची दिशा आणि वेळ हवी.

फोटोबाबत थोडक्यात: कूलिंग टॉवरमधून निघते ती पाण्याची वाफ. तारापूर समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, तिथे असे टॉवर नाहीत. जुना फोटो असेल तर ‘संग्रहित’ ठळक लिहा.

आधी पाणी, मग राजकारण

12 मार्च 2011 च्या संध्याकाळी फुकुशिमाच्या 1 क्रमांकाच्या भट्टीत समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली. मे महिन्यात जपानी राजकारण एकाच प्रश्नावर पेटलं: ते पाणी 55 मिनिटं थांबवलं कुणी? पंतप्रधान नाओतो कान यांनीच, असं विरोधी पक्षातले शिंझो आबे यांनी लिहिलं. संसदेत जाब विचारला गेला. आणि 26 मे रोजी टेपकोने सांगितलं की पाणी थांबलंच नव्हतं. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी पाण्याचं काम पाहणाऱ्या माणसाला आधी हळू आवाजात ‘थांबवू नकोस’ असं सांगितलं आणि मग व्हिडिओ कॉन्फरन्सवर सगळ्यांना ऐकू जाईल असा थांबवण्याचा आदेश दिला. जे घडलंच नाही त्याच्या जबाबदारीवर देशभर चर्चा झाली होती.

म्हणून प्रवक्त्यांना स्टुडिओत बसवण्याआधी घटनाक्रम जुळवा: काय झालं, किती वाजता, ते कुणी नोंदवलं. प्रवक्त्याला मोजणीबद्दल विचारू नका. परवानगी, सराव, निधी, निर्णय याबद्दल जरूर विचारा, तो लोकांचा हक्क आहे. सरकारी निवेदनही तपासाविना छापू नका. टेपकोच्या अध्यक्षांनी सुरुवातीला ‘मेल्टडाऊन’ (इंधन वितळणं) हा शब्द टाळायला सांगितलं होतं, हे 2016 मध्ये बाहेर आलं. जैतापूरचा वाद खरा आहे, पण तिथे अजून भट्टीच नाही. दुसरीकडच्या अपघाताच्या बातमीत तो घुसडू नका.

मीठ आणि बीटाडीन

आयोडीन किरणोत्सारापासून वाचवतं या समजुतीने 2011 मध्ये चीनच्या दुकानांतलं मीठ संपलं आणि बीबीसीच्या नावाने गळ्याला बीटाडीन लावायचा खोटा मेसेज फिरला. हिशेब वाचकाला करून दाखवा. प्रौढाच्या 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. किलोला 15 मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या मिठातून तेवढं मिळवायला साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल. ती गोळीही फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, तीही प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. बीटाडीन पोटात घेणं तर सरळ विषारी.

चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच आकारात, वेळ घालून टाका. सोलापुरात ती मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही गेली पाहिजे, कारण अफवा आधीच चारही भाषांत पोहोचलेली असते.